निळं पिंप

परवाच्या पुराने पिंप नेलं.
रिकामंच होतं. पंचावन्न गॅलनचं, निळं,
बुडाशी आईने खिळ्याने कोरलेलं आडनाव: मेनीगोट्स.
म्हणजे पुष्कळ शेळ्या.
आता एकही शेळी नाही, सात मेंढ्या आहेत,
पण आडनावाला हे कोण सांगणार.

लावोन म्हणाली, चल, बघून येऊ.
नवं चाळीस डॉलरला मिळतं, मी म्हटलं.
ती बूट घालत होती.

मेंढवाड्यामागून ओढा सुरू होतो.
ओढा आपला म्हणायचा. एरवी तो नुसता रस्ता,
वाळूचा, रुंद, कोणाच्याच नावावर नसलेला.
आज वाळूवर चिखलाचा पापुद्रा, उन्हाने कडा वळलेला,
पावलाखाली तो कुरकुर मोडतो.
कोयोटी आमच्याआधी येऊन गेलाय.
झुडपांच्या कमरेला काटक्यांची रेघ:
इथवर होतं पाणी.

आमच्याकडे थेंब पडला नव्हता.
लावोन कपडे वाळत घालत होती, लख्ख ऊन.
पाऊस झाला पस्तीस मैलांवर, मेसाच्या माथ्यावर.
आधी कुत्रा उठला. मग मालगाडीसारखा आवाज,
मग पाणी. पाणी कसलं, चालत आलेली जमीन,
तोंडाशी ओंडके घेऊन.

आमच्यात पाऊस दोन. नर पाऊस बडवत येतो, निघून जातो.
मादी पाऊस दिवसभर हळू पडतो, मुळांपर्यंत जातो.
पिंप कोणी नेलं ते सांगायला नको.
मी अकरा वर्षं फिनिक्सला ट्रक चालवला,
तिथे पाऊस नळातून यायचा.
इथे सतरा मैल जायचं,
चॅप्टर हाउसच्या नळापाशी रांग धरायची,
आणि परत येताना गाडी हळू, खड्डे टाळत,
जणू मागे कोणी आजारी झोपलंय.

दोन वळणांनंतर काठ उंच होतात.
आधी गुडघ्याएवढे, मग घोडेस्वाराएवढे,
मग मान मागे टाकावी लागते.
तांबडा कातळ, त्यात तिरप्या रेघा:
वाऱ्याने टेकड्या रचल्या होत्या, त्या तशाच थिजल्या.
बोट घासलं की बोटाला वाळू लागते.
दगडाला अजून आठवतंय.

पुढे घळ इतकी अरुंद की खांदे आडवे करायचे, पोट आत.
लावोन सहज गेली. मी फिनिक्सचं पोट घेऊन मागे.
गारवा. आमचाच श्वास भिंतीवरून परत येत होता.

ती थांबली. वर बघ, म्हणाली.

तीन पुरुष उंचीवर, दोन्ही भिंतींत आडवा
कुठल्यातरी जुन्या पुराचा कॉटनवुडचा ओंडका,
आणि त्यावर पिंप, तिरकं, घट्ट बसलेलं.
त्याच्यावर आकाशाची चीर.
क्षणभर वाटलं,
आकाशच तिथे जरा जाड झालंय.

मी दगड मारला. ढब्ब.
भरलंय, लावोन म्हणाली.
कुठूनशी फट असणार, थेंब पडत होता,
मोजून, मधे खूप वेळ सोडून.
तिने हात पुढे केला. दोन थेंब घेतले.
प्यायली नाही, भिंतीला पुसले.

गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही.
पण तिचं अक्षर तिथे वर होतं, खालून वाचता येईल असं,
एम जरा वाकडा. खिळा निसटला होता तेव्हा,
आणि ती हसली होती.
आम्ही दोघंही वर बघत उभे राहिलो,
पिंप कसं काढायचं याचा विचार करतोय, अशा चेहऱ्याने.

मग लावोन म्हणाली, निघू या.
इथून आकाश दोन बोटं दिसतं,
आणि दोन बोटं आकाशाचा भरवसा नाही.

बाहेर ऊन तसंच. मेसावर एक पांढरा ढग,
काही ठरवलेलं नसल्यासारखा.
मेंढवाडा दिसायला लागेपर्यंत ती बोलली नाही.
मग बुटातली वाळू ओतता ओतता:
चाळीस म्हणालास?

बेचाळीस, मी म्हटलं. कर धरून.